आधी दुसऱ्याचं पान

२ जुलै, बुध.

सकाळची बस चुकली. नवीन जालन्याहून जाफराबादच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून आले. गुडघा गिअरला लागत होता. प्रत्येक वळणाला तो म्हणायचा, "वकीलबाई, पाय जरा." शाळेच्या फाट्यावर उतरले तेव्हा परिपाठ संपला होता.

आठवी-नववी एकत्र बसतात. निवृत्त वकील म्हणून बुधवार-शनिवारचा तास मला दिलाय; हेडसरांची अपेक्षा मी कलमं शिकवावीत अशी आहे. कलमं मोबाइलवर मिळतात. जालन्याच्या कोर्टात इतकी वर्षं काढली; माणसं रडत आपली गोष्ट सांगायची, पण कागदावर ती मांडता यायची नाही. ते शिकवायचं आहे. काय घडलं ते आधी, मत नंतर.

आजचं भांडण वर्गातलंच घेतलं. पंखा एक, त्याखाली चार बाकं. कोणी बसायचं? सगळ्यांनी "मला वाटतं" असं सुरू केलं. सगळ्यांचं "मला वाटतं" खोडलं. फळ्यावर चार ओळी लिहिल्या: काय घडलं? प्रश्न काय? नियम काय? म्हणून काय?

नववीतला फैजान. आवाज फुटतो आहे, उत्तर कायम तयार. "मॅडम, पंख्याचा नियमच न्हाई, तं 'म्हणून काय' कुठून आणू?"

बरोबर होतं त्याचं. मग नियम करण्यात तास गेला. दर आठवड्याला बाकं फिरवायची, असं ठरलं. ठरलं आणि लाइट गेली.

५ जुलै, शनि.

सकाळची शाळा. दुसरी बाजू शिकवली.

औरंगाबादच्या कॉन्व्हेंटमधली गोष्ट सांगितली मुलांना. वसतिगृहात खिडकीजवळच्या खाटेवरून रोझीचं आणि माझं भांडण. सिस्टर क्लेअरनी दोघींना समोर उभं केलं. मला म्हणाल्या, आधी रोझीचं म्हणणं सांग. तिने मान हलवली की मग तुझं. मी तीनदा सांगितलं, रोझी तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा सांगताना कळलं, ती अंधाराला घाबरते, खिडकीतून व्हरांड्यातला दिवा दिसतो म्हणून तिला ती खाट हवी. माझं म्हणणं सांगायची वेळच आली नाही. सिस्टरच्या हातांना खडूचा आणि खळीचा वास यायचा. तो वास आज वर्गात उभी असताना आला, खरंच आला.

तर नियम केला. कुठल्याही वादात पहिलं पान दुसऱ्याचं. "असं ते म्हणतात", "त्यांच्या मते" हे शब्द वापरायचे नाहीत. त्यांच्या जागी बसून, आपलंच म्हणून लिहायचं. दुसऱ्या पानावर आपलं उत्तर.

फैजान: "अन ते म्हणले आम्ही असं बोललोच न्हाई, तर?"

"तर सही घे त्यांची. हो, हेच माझं म्हणणं, आणि खाली सही. सही मिळेपर्यंत दुसरं पान लिहायचं नाही."

वर्ग एकदम खूश. सही घ्यायला मिळणार म्हणून.

९ जुलै, बुध.

सह्या आल्या. एकाच्या आजीने अंगठा उठवला आणि वर विचारलं, "ह्याचे पैसे कधी मिळत्येत?" किराणा दुकानदाराने पान हातात धरायलाही नकार दिला. फैजानने अब्बाचं पान आणलं: मोबाइल का देत नाही. अब्बांनी सही तर केलीच, शिवाय वरच्या रिकाम्या जागेत आणखी दोन कारणं लिहून दिली. "मॅडम, ये तो उलटा पड गया," म्हणाला.

अंकिताचं पान वेगळं. नववीतली, उंच, शेवटच्या बाकावर बसते. देवखेडीहून एस.टी.ने येते. वाद आईशी: केस कापायचे आहेत, आई नको म्हणते. मला वाटलं होतं, लोक काय म्हणतील, सासर वगैरे येईल. तिने आईच्या जागी बसून लिहिलं:

"सकाळी मी तिची वेणी घालते. तेवढाच वेळ ती माझ्यापाशी बसते. बाकी दिवस ती शाळेत आणि मी रानात. केस कापले तर ती आरशासमोर एकटीच विंचरून निघून जाईल."

खाली आईची सही, अक्षरं सुटी सुटी. दुसऱ्या पानावर अंकिताचं एकच वाक्य: मला ह्याला उत्तर नाही, म्हणून मी केस कापणार नाही.

"हरलीस की," फैजान म्हणाला.

"हरले तर हरले. तुला काय करायचंय?"

घरी येऊन ते पान दोनदा वाचलं. मी वसतिगृहात होते तेव्हा माझी वेणी कोण घालायचं ते आठवत नाही. आईने नाही, एवढं नक्की.

२३ जुलै, बुध.

देवखेडीची फेरी बंद होणार. कंडक्टरने मुलींना सांगितलं: तोट्यात आहे आणि वाटेतल्या नाल्यावरचा फरशी पूल पावसात धोक्याचा. एक सप्टेंबरपासून बंद.

देवखेडीच्या तीन मुली. दोन सहावीतल्या, एक अंकिता. मोठी तीच, त्यामुळे धाकट्या तिच्या जिवावर येतात. फाट्यापासून देवखेडी चालत तासाभराची वाट, मध्ये वस्ती नाही.

मधल्या सुट्टीत विचारलं तेव्हा अंकिताने सरळ सांगितलं. "बाबा म्हणले, बस बंद तं शाळा बंद. दहावी बाहेरून दे, सतरा नंबरचा फॉर्म भरून."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काही न्हाई. ते जेवून राह्यले होते."

वर्गाला विचारलं, पुढचा वाद कोणता घ्यायचा? हात मोजायची गरज पडली नाही.

२६ जुलै, शनि.

काय घडलं, ह्याच्यावरच सगळा तास. बस किती वाजता येते, कोण चढतं, कोण उतरतं. पुलावर पाणी कधी येतं. मुलांना वाटतं "नेहमी" आणि "कधीच नाही" हे पुरावे आहेत. "नेहमी म्हणजे कधी?" असं विचारत राहिले. माझा आवाज कोर्टातल्यासारखा झाला असावा, सहावीतली देवखेडीची सीमा रडकुंडीला आली. तिला हौसेने आणून बसवलं होतं. गोळी दिली लिमलेटची.

अंकिताने एक चांगली गोष्ट हेरली. मुलींचा पास मोफत. कंडक्टर पास नुसता बघतो, मशीनमध्ये काही नोंदवत नाही. म्हणाली, गाडीत आम्ही असतो, पण हिशेबात गाडी रिकामी जाते.

फैजान: "मतलब तुम लोगां बस में बैठते, कागज पे हैइच नहीं. भुतं!"

"भुतंच तर भुतं," अंकिता म्हणाली, "पण भुतांना तिकीट माफ हे सरकारनंच ठरवलंय." वर्ग हसला. मी ते फळ्यावर लिहिलं, भुतं सोडून.

२ ऑगस्ट, शनि.

पहिलं पान, म्हणजे एस.टी.चं म्हणणं, अंकिताने लिहिलं. लिहायच्या आधी ती आणि आणखी दोघं बसस्टँडवर कंट्रोलरकडे जाऊन आली. कंट्रोलर म्हणजे खिडकीत बसून गाड्या लावणारे, वयस्क गृहस्थ. त्यांनी सगळं समजावून सांगितलं म्हणे, चहासुद्धा विचारला.

पान उत्तम. फार उत्तम. "पुलाला कठडा नाही. पाणी किती खोल ते ड्रायव्हरला दिसत नाही. गाडीत मुली असतात. तोटा भरून काढता येतो, मूल भरून काढता येत नाही. म्हणून ही फेरी बंद करणे योग्य."

कंट्रोलरनी सही केली. वर हौसेने शिक्काही मारला. म्हणाले, "आमच्या बाजूनं असं आजवर कोणीच बोललं न्हाई, बाई."

दुसरं पान, मुलींचं उत्तर, सगळ्यांनी मिळून. पासाचा मुद्दा. पाणी पुलावर वर्षातून थोडेच दिवस असतं, तेवढे दिवस गाडी अलीकडे थांबवा, बाकी दिवस चालू ठेवा. नियम, म्हणून काय, सगळं जागच्या जागी. शेवटी तिन्ही मुलींच्या सह्या दोन्ही पानांवर. लिहिणाऱ्याने दोन्हीकडे सही करायची, हा माझाच नियम.

हेडसरांकडे दिलं. शाळेमार्फत आगाराला जाईल.

६ ऑगस्ट, बुध.

गेले नाही. बी.पी. वाढलं. डॉक्टर म्हणाले, जीपचा प्रवास आठवडाभर बंद. हेडसरांचा फोन: "मॅडम, अर्ज पाठवून दिला. काळजी करू नका."

पडून आहे. यांच्या फोटोवरची धूळ पुसायची राहिली आहे. हे असते तर म्हणाले असते, निवृत्त झालीस तरी तारखा सुटत नाहीत तुझ्या.

२० ऑगस्ट, बुध.

आगाराचं उत्तर आलं. तीन ओळी.

"अर्जदार विद्यार्थिनींनी स्वतः मान्य केल्यानुसार सदर मार्ग धोकादायक असून फेरी बंद करणे योग्य आहे. सबब फेरी नियोजित तारखेपासून बंद करण्यात येत आहे. विद्यार्थिनींच्या सुजाणपणाबद्दल अभिनंदन."

हेडसरांच्या टेबलासमोर उभी राहून वाचलं. मग स्थळप्रत मागितली. पहिल्या पानावर एस.टी.चं म्हणणं, खाली शिक्का. आमचं उत्तर त्याच्यामागे, तेही लगेच नाही. मध्ये शाळेचं शिफारसपत्र, मग उत्तर, टाचणी लावून.

"शिक्क्याचा कागद वर ठेवावा लागतो, मॅडम," हेडसर म्हणाले. "साध्या कागदाकडं कोणी बघत न्हाई. तुमचाच क्रम व्हता, पहिलं पान पहिलं. मी फक्त शिफारस मधी घातली."

त्यांच्यावर चिडता येईना. माझाच क्रम होता. वर "असं ते म्हणतात" लिहायचं नाही, हाही माझाच. मुलींच्या सह्या दोन्ही पानांवर, तोही. कोर्टात अर्जाच्या पहिल्या पानावर काय जातं हे शिकाऊ वकिलालाही माहीत असतं. वर्गातली वही आणि सरकारी टेबल ह्यांत फरक आहे, हे मला सांगायला हवं होतं.

वर्गात वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही. फैजानसुद्धा नाही. अंकिता म्हणाली, "अभिनंदनबी केलंय."

२३ ऑगस्ट, शनि.

वर्गात दोन तट. फैजानचं म्हणणं, सरळ लिहा: पहिलं पान आमचं नाहीच. नाकबूल.

"पण सही तुमची आहे," कुणीतरी म्हणालं.

"मंग काय झालं? जबरदस्तीनं घेतली म्हणायचं. मॅडमनी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, "कायद्याच्या दृष्टीने विचार करण्यासारखा बचाव आहे." तेव्हा कुठे हसले.

आम्ही नवा अर्ज लिहिला. ह्या वेळी मागणी पहिल्या ओळीत, पहिल्या पानावर, आणि आगारप्रमुखांना भेटायची वेळ मागितली. हेडसरांना मी स्वतः टाचणी लावून दिली.

१ सप्टेंबर, सोम.

बस बंद झाली आजपासून. हेडसरांचा फोन. अंकिताच्या वडिलांनी तिघींना मोटारसायकलवर आणून सोडलं. कापूस वेचणी सुरू होईपर्यंत जमेल म्हणाले. नंतर नाही.

गौरींचा नैवेद्य केला. दोन ताटं वाढायची सवय जात नाही.

१० सप्टेंबर, बुध.

भेट झाली. आगारप्रमुख तरुण, जेमतेम पस्तिशीचा. टेबलावर पहिल्या अर्जाची फाइल उघडीच. मी, हेडसर, अंकिता. मी अंकिताला बसमध्ये पढवलं होतं: सांग की पहिलं पान म्हणजे वर्गातला अभ्यास होता, आमचं म्हणणं नव्हे. खरंही होतं ते. साधं, सुटणारं उत्तर.

साहेबांनी पान तिच्यापुढे सरकवलं. "हे तूच लिहिलंस ना?"

"हो सर."

"मग? पुलावर धोका आहे, हे खोटं आहे का?"

मी तिच्याकडे बघितलं. आत्ता म्हण. अभ्यास होता म्हण.

"न्हाई सर. खरं हाय ते."

हेडसरांनी घसा खाकरला. तिचं लक्ष नव्हतं. "पाणी असलं की धोका हाय. म्हणून पाणी असलं की गाडी आणूच नका, अलीकडं थांबवा. आम्ही पाणी उतरल्यावर चालत जाऊ, मोठं माणूस घ्यायला येईल. पण पाणी काय बारा महिने न्हाई राहत, सर. तुम्ही बारा महिन्यांची गाडी बंद केली. तेवढंच चुकलंय."

साहेबांनी पेन उघडलं. मग पासांच्या नोंदीचं विचारलं, लिहून घेतलं. "पुलाची पाहणी करायला लावतो. दिवाळीनंतर बघू. शब्द देत नाही."

परत येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. तिला वाटलं मी रागावले. "मॅडम, खोटं कसं म्हणू? मीच तं लिहिलं होतं, म्हणून कंट्रोलरकाकांनी सही केली. आता न्हाई म्हणलं तं त्यांची सही खोटी पडती."

इतकी वर्षं साक्षीदार पढवले. हिचं डोकं माझ्या हाताखाली तयार झालं आणि माझंच ऐकलं नाही. रागावले नव्हते.

१७ सप्टेंबर, बुध.

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. अंकिताचे वडील, उत्तमराव, मुलींना सोडायला आले ते थांबले. बारीक अंगाचे, टोपी हातात. कार्यक्रम झाल्यावर माझ्याकडे आले.

"मॅडम, पोरगी हुशार हाय हे मला बराबर कळतं. पण वेचणीला मजूर मिळत न्हाई. दोन टाइम गाडीवर आणणं मला न्हाई जमणार. दसऱ्यानंतर घरीच बसवतो. सतरा नंबरनं दहावी होतीच ना?"

"होते. पण शिकवणार कोण?"

"ती शिकंल. तिला काय शिकवायचं राह्यलंय? साहेबाला शिकवून आली ती." हसले. हसू खरं होतं, अभिमानाचं. त्यात नाही म्हणायची जागा ठेवली नव्हती.

मी वाद घातला नाही. अंकिताला बोलावून म्हटलं, "पहिलं पान लिही. बाबांचं."

तिने माझ्याकडे बघितलं ती नजर मला आवडली नाही. "अन बाबांनी सही करून तेच पान वर ठेवलं तर?"

"लिही," एवढंच म्हटलं.

२४ सप्टेंबर, बुध.

पाऊस. पुलावर दोन दिवस पाणी होतं. देवखेडीच्या मुली सोमवार-मंगळवार आल्याच नाहीत. आज आल्या, चिखलाने भरलेल्या. म्हणजे एस.टी.चं पान खरंच होतं. वर्गात कोणी तसं बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत.

अंकिताने पान दाखवलं. वडिलांच्या जागी बसून: वेचणी, मजूर, मोटारसायकल, अंधार लवकर पडतो, धाकट्या दोघी ज्यांच्या आहेत तेही माझ्याकडेच बघतात. नीटनेटकं. पण आईच्या पानासारखं नव्हतं. त्यात काहीतरी कमी होतं, मला बोट ठेवता येईना.

"सही?"

"वाचून दाखवलं. सगळं ऐकलं. म्हणले, बराबर हाय. सही न्हाई केली."

"का?"

"म्हणले, सही केली की तू मंग उत्तर लिहिशील."

वर्ग हसला. अंकिताही. फैजान म्हणाला, "तेरे पप्पा वकील हैं, बोल!"

१ ऑक्टोबर, बुध.

सही नाही. उत्तमराव पान खिशात घालून शेतात जातात म्हणे. आई म्हणते, धुण्यात जाईल एक दिवस. उद्या दसरा.

आगाराचं काही नाही. फोन केला, साहेब मीटिंगमध्ये.

फैजानच्या अब्बांनी मोबाइल दिला. रविवारी एक तास, अशा अटीवर. अट लेखी आहे. फैजान सगळ्यांना दाखवत फिरतो आहे.

४ ऑक्टो., शनि.

अंकिता आली. धाकट्या दोघी नाहीत, त्यांना घरी ठेवलं. ही एकटी वडिलांबरोबर. दसरा होऊन गेला तरी आली, म्हणून वर्गात कोणी काही विचारलं नाही, जणू विचारलं तर उद्यापासून येणार नाही.

सिस्टर क्लेअर आठवतात हल्ली फार. शेवटचं पत्र त्यांचं, मला सनद मिळाली तेव्हाचं. त्यांना विचारावंसं वाटतं: रोझीने मान हलवली नसती तर तुम्ही काय केलं असतं? किती वेळ उभं ठेवलं असतं आम्हाला?

८ ऑक्टोबर, बुध.

आज शेवटच्या तासाला उत्तमराव वर्गाच्या दाराशी उभे. मला वाटलं, दाखला मागायला आले. हेडसर मागे उभे होते, त्यांनाही तेच वाटलं असणार.

"मॅडम, ते पान. त्यात एक राह्यलंय माझं."

"या ना आत."

चप्पल बाहेर काढून आले. पहिल्या बाकावर बसले, गुडघे वर येत होते. खिशातून पान काढलं, चार घड्या घातलेलं, कापसाचा तंतू चिकटलेलं. अंकिता उठून त्यांच्याजवळ आली. तिनेच पान उलगडलं, पेन घेतलं.

"लिही," उत्तमराव म्हणाले. मग टोपीची घडी घालत राहिले. वर्ग सगळा त्यांच्याकडे बघतोय, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं असावं. मी मुलांना म्हटलं, खाली बघा, आपापलं लिहा. कोणी खाली बघितलं नाही.

"सांजंला ती फाट्यावर उभी राहती, मी यीपर्यंत. मी कापसात असतो. गाडी पंचर झाली, कुठं अडकलो, काही झालं. ती उभीच." थांबले. "बस येत न्हाई तं एस.टी.ला अर्ज केला. पुलाचं साहेबाला सांगितलं. तिला काही झालं तं मी कोणाला अर्ज करू? कोणता साहेब हाय त्याला?"

अंकिता लिहीत होती. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. शेवटचा प्रश्न वाचताना तिचा आवाज खाली गेला. उत्तमरावांनी मान हलवली. "हां. आता झालं माझं."

फैजानने आपलं पेन पुढे केलं. त्यांनी सही केली, सावकाश, आडनावासकट. पान लेकीकडे सरकवलं.

तिने बाकावर बसून नवं पान घेतलं. समास आखला. वर "काय घडलं?" लिहिलं. एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, तीही खोडली. माझ्याकडे बघितलं नाही, त्याचं मला बरं वाटलं. मला काय सुचत होतं? वडिलांची भीती हा पुरावा नव्हे, असं कोर्टात म्हटलं असतं मी. इथे म्हणवलं नसतं.

घंटा झाली. मुलं दप्तर उचलून रेंगाळली, मग हेडसरांनी बाहेर काढली. फैजान खिडकीशी थांबलाच. उत्तमराव उठले. मला वाटलं, चला म्हणतील, अंधार पडतो.

"लिहू दे तिला," म्हणाले. "मी थांबतो."

दाराबाहेर जाऊन पायरीवर बसले. हेडसरांनी वर्गाची किल्ली माझ्याकडे दिली, मी उत्तमरावांकडे. जालन्याची शेवटची बस गाठायची होती. निघताना आत डोकावले. अंकिता लिहीत होती, पेन थांबत होतं, परत चालत होतं. पान अर्धं झालं असेल. काय लिहिलं ते दिसलं नाही, विचारलंही नाही.

फाट्यापर्यंत दोनदा मागे वळून बघितलं. वर्गातला दिवा चालू होता.